मुनीरचा ढीग

बोरवाडी,
आश्विन वद्य ८, सन १९४८

ती. गीताअक्कास राजूचा नमस्कार.

आमी दसऱ्याच्या आगुदर छावणीतून गावाला परत आलोत. मालक आन् हरिबा भावजी हिंदची फौज आल्याबरूबर पुढं गेले व्हते. त्यांनी घर जरा नीट करून ठेवलंतं. माळवद एका बाजूनं बसलंय, पेवात दाणा न्हाई, गोठ्यात एकच बैल हाय. पण दार हाय, चूल हाय. रझाकारांनी घर लुटलं त्या दिवसापासून सोलापूरकडच्या छावणीत तीन दगडांवर भाकरी थापल्या. आता आपल्या चुलीची राख काढताना बी बरं वाटायलंय. आमच्या काशीचं तुला कळलंच हाय. श्रावणात ताप आला, दोन वर्षांचं लेकरू तिथंच ठेवून आलोत. त्याच्यावर लिहायला बसले की हात चालत न्हाई.

दुसरं सांगते. आमा दोघी जावांची मिळून घरात नऊ लेकरं, आन् खेळणी इतकी झालीत की पाय ठेवायला जागा न्हाई. देवघरात गोट्या, पिठाच्या डब्यात बाहुली. काल आत्याबाईंचा पाय भोवऱ्यावर पडला, उंबऱ्यातच आदळल्या. मनगट सुजून टम्म झालंय. धाकटी जाऊ कमलबाई म्हणली, "सगळं चुलीत घाला." मी म्हणलं, थांब गं बाई, मी लावते. एकेका लेकराला दोन-दोन खेळणी द्यायची, बाकीची टोपल्यात भरून उतरंडीमागं ठेवायची, आन् आठवड्याच्या बाजारादिवशी बदलून द्यायची. म्हंजी भांडणं बी कमी, पसारा बी कमी.

खेळणी लई चांगली हायत अक्का. चाकाचा लाकडी घोडा, हिरवा पांगुळगाडा, चावीची पत्र्याची मोटार, पितळंची भातुकली, चमकीची ओढणी घेतलेली बाहुली. एक धनुष्य बी हाय, पण त्याला बाणच न्हाई. भावजी म्हणले, हुमनाबादच्या बाजारात मातीमोल मिळाली. आपल्या लेकरांनी लई सोसलं, म्हणून घेतली आसतील.

तुमच्या खोल्यांत यात्रेकरूंची लेकरं रडत आसतात. टोपलंभर पाठवू का?

तुझी,
राजू

*

गाणगापूर,
कार्तिक शुद्ध २

चि. सौ. राजूस गीताचे आशीर्वाद.

पत्र पाडव्याला मिळालं. तू घरी पोचलीस, बरं झालं. इकडं यात्रेकरू कुठले? वर्षभर रेल्वेनं कुणी यायला धजत नव्हतं. संगमावर आम्ही आणि माकडं. ह्यांनी, म्हणजे तुझ्या अंकुशभावजींनी, दुकानातले नारळ घरी आणून आम्हाला खायला घातले, नासतील म्हणून. आता दत्तजयंतीला माणसं येतील असं म्हणतात.

आत्याबाईंच्या मनगटाला आंबेहळद लाव. खेळणी लावायची तुझी तऱ्हा चांगली आहे. फक्त लहान्यांच्या हाती गोट्या देऊ नकोस, गिळतात.

आता मला सांग, बाण नसलेलं धनुष्य कुणी बघितलंय का? अप्पांच्या वेळी आपल्या ओसरीवर कापूस पिंजायला माणूस बसायचा. तुंग-तुंग आवाज आला की तू कानात बोटं घालायचीस. त्याच्या हातात काय असायचं ते आठव. तुझ्या घरात आहे ती लहान केलेली धनुकली आहे राजू. आणि आपल्याकडं बाहुलीला लुगडं नेसवतात, चमकीची ओढणी घालत नाहीत.

पिंजाऱ्याच्या पोराचं खेळणं हुमनाबादच्या बाजारात कोण विकायला ठेवतं? हरिबाला विचारू नकोस. लेकरांना विचार. त्यांना अजून खोटं बोलता येत नसेल.

तुझी,
अक्का

*

बोरवाडी,
कार्तिक शुद्ध ८

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी मला राग आला. दोन दिवस मी ते उतरंडीत टाकून ठेवलं. तू गाणगापुरात देवाच्या सावलीत व्हतीस. आमचं पेव फोडलं, भावजीला बांधून मारलं, आमच्या डोळ्यांदेखत गायी नेल्या, तवा कुणी इचारलं का, ही गाय कुणाची म्हणून? माझी काशी वैद्याविना गेली. त्यांच्या चार खेळण्यांसाठी मी कामून झुरू? असं लिहायला बसले व्हते.

पण टोपली लावायचीच व्हती. परवा सगळी खेळणी अंगणात ओतली आन् लेकरांला म्हणलं, "नीट ढीग करा रे." माझ्या मनात व्हतं की चाकाची एकीकडं, बाहुल्या एकीकडं, गोट्या-भोवरे एकीकडं. मी आत पीठ मळायला गेले. भाईर येऊन बघते तर घोड्याजवळ धनुकली, तिच्याजवळ मोटार. भातुकली बाहुलीबरूबर. मी म्हणलं, "हे कसले ढीग? सारखी-सारखी एकत्र ठेवा की."

माझी सुभी म्हणली, "सारखीच हायत आई. ह्यो मुनीरचा ढीग. ह्यो जुलेखाचा."

"आन् त्यो तिसरा?"

मोठा धोंडू म्हणला, "ते आपल्या गावचं न्हाई. ते आमाला ठावं न्हाई."

आन् लगेच सुभीनं इचारलं, "मुनीर कवा येणार? त्याला घोडा परत द्यायचाय. धोंडूनं त्याचं एक चाक मोडलंय."

कमलबाई तिथंच डाळ निवडत व्हती. तिनं मान वर केली न्हाई. अक्का, तिला ठावं व्हतं. घरात सगळ्यांला ठावं व्हतं. एकटी मीच येडी.

मुनीर म्हंजी आमच्या मागच्या गल्लीतल्या इमामसाब पिंजाऱ्याचा पोरगा. इमामसाबचा पुतण्या रझाकारांत व्हता, ते खरं. फौज येताच त्यो पळाला. इमामसाब कुठं पळाला न्हाई. त्याचं घर आता मोकळं पडलंय, दाराची चौकट बी काढून नेलीय. बायको रहमतबी आन् पोरगा कुठं गेले ते कुणी सांगत न्हाई. माझ्या दोन बाळंतपणांत तिनं माझ्या घरची गोधडी भरून दिलती. तू गुलबर्ग्याला जातीस-येतीस. जमलं तर इचार.

तुझी,
राजू

*

गाणगापूर,
कार्तिक वद्य १

चि. सौ. राजूस आशीर्वाद.

रहमतबी सापडली. आमच्या दुकानाला खोबरं आणि गूळ पुरवणारे सिद्धलिंगप्पा गुलबर्ग्याचे. तुझ्या मुडबीच्या बाजारातून तूर भरायला त्यांची गाडी जाते, म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बीदरकडची पुष्कळ बायका-पोरं दर्ग्याजवळच्या ओवऱ्यांत पडली आहेत, अक्का. पुरुष दिसत नाहीत." मी त्यांच्याबरोबर गेले.

बोरवाडीचं नाव घेतल्यावर एक बाई उठून बसली. केस पिकलेत, पण वय तुझ्याएवढंच. तिनं आधी तुझं नाव विचारलं. "राजूबाई आल्या का परत? त्यांची काशी कशी हाय?" मी सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मुनीर जवळच होता. सात वर्षांचा आहे ना तो? पाचाचा दिसतो. बोलत नाही, नुसता बघतो.

इमामसाबबद्दल ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. हातात बांगड्या होत्या.

खेळणी पाठवून दे. घरात कुणाला सांगायचं काय ते तू ठरव. सिद्धलिंगप्पा गाडीत घेतील. माणूस भला आहे, तोंडाचा घट्ट आहे.

तुझी,
अक्का

*

बोरवाडी,
कार्तिक वद्य ८

ती. अक्कास नमस्कार.

सिद्धलिंगप्पांच्या गाडीत गाठोडं दिलंय. तिन्ही ढीग एकातच बांधलेत, जुलेखाच्या घरचं कुणी सापडलं तर बघ. घरात सांगितलं, अक्काच्या खोल्यांत यात्रेकरूंच्या लेकरांसाठी पाठवायलेय. भावजीनं माझ्याकडं नीट बघितलं आन् म्हणले, "जाऊ द्या. अडगळ कमी झाली." गाठोडं जड व्हतं, मालकांनीच उचलून गाडीत ठेवलं.

सुभीनं घोड्याचं मोडलेलं चाक सुतळीनं बांधून दिलंय. धोंडू आधी रडला, मग त्यानंच आपला एक भोवरा मुनीरसाठी घातला.

आता अंगण मोकळं झालंय. लेकरं मातीचे बैल करून खेळायलीत, आन् आत्याबाई न अडखळता देवघरात जायल्यात. माझं मन लई हलकं झालं बघ. काल कितीतरी दिवसांनी मी दोन भाकरी खाल्ल्या. आपल्या हातून झालं तेवढं झालं, न्हाई का? ज्यानं आणली त्यानं आणली, मी तर परत दिली. भावजीशी मात्र मी धड बोलत न्हाई. ताट वाढते आन् आत जाते.

रहमतबी काय म्हणली ते लिही.

तुझी,
राजू

*

गाणगापूर,
मार्गशीर्ष शुद्ध १

चि. सौ. राजूस आशीर्वाद.

मी स्वतः गाठोडं घेऊन गेले. तू लिहिलंस की तुझं मन हलकं झालं, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी गाठ सोडली. मुनीरनं घोडा बघितला, आणि तो उठून आईच्या पाठीमागं गेला. पुढं आलाच नाही. मी घोडा त्याच्याकडं ढकलला, तर त्यानं डोळे मिटून घेतले. रहमतबीनं एकेक वस्तू उचलून बघितली. धनुकली बराच वेळ मांडीवर ठेवली. मग विचारलं, "कुणी दिली?"

मी म्हणाले, "राजूबाईनं. तिला सापडली, म्हणून परत पाठवली."

"त्यांच्या घरात सापडली?"

मी हो म्हणाले.

ती म्हणाली, "गीताबाई, मी पोराला घेऊन मागल्या दारानं ज्वारीत पळाले, तवा हे पुढल्या दारात व्हते. खेळणी आतल्या खोलीत व्हती. ज्यानं खेळणी आणली, त्यो ह्यांच्या अंगावरूनच आत गेला आसंल. राजूबाईला म्हणावं, खेळणी नकोत. त्या माणसाला इचारा, हे कुठं हायत. जिते आसतील तर मी बसते वाट बघत. मेले आसतील तर तसं सांगा. मला दुखवट्याच्या इद्दतीला बसायचंय, त्यांच्या नावानं फातिहा पढायचीय. असं मधीच किती दिवस ऱ्हावं?"

रडली नाही. बाजारातला भाव विचारावा तसं बोलली. विचारून सांगते म्हणून आले.

राजू, पसारा आवरणं सोपं असतं गं. आता विचार.

तुझी,
अक्का

*

बोरवाडी,
मार्गशीर्ष शुद्ध ७

ती. अक्कास नमस्कार.

इचारलं.

भावजीला इचारायचं म्हणून धीर गोळा करायले व्हते. पण आधी मालकांच्या कानावर घालावं, त्यांनी भावाला इचारावं, असं वाटलं. दुपारची भाकरी घेऊन शेताला गेले. हे बांधावर बसून चऱ्हाट वळायलते.

मी म्हणलं, "इमामसाब कुठं हायत?"

"पळाला आसंल. हैदराबादला."

"त्याची बायको गुलबर्ग्याला वाट बघत बसलीय. तिला निरोप पायजे. भावजीला इचारता का?"

"हरिबाला कामून?"

"खेळणी त्यांनी आणली ना."

हे चऱ्हाट वळतच ऱ्हायले. मग म्हणले, "हरिबानं न्हाई. मी आणली. त्यो माझ्यासाठी खोटं बोलला."

अक्का, तुला ठावं हाय ते कसे हायत. घरात कोंबडी कापायची आसली तर हे रानात निघून जातात.

त्यांनी सांगितलं ते लिहिते. फौज गेल्यावर भाईरगावची माणसं आली, त्यात आपल्या गावची मिसळली. भावजी बी. हे घरात थांबले न्हाईत, मागं-मागं गेले. इमामसाबला दारात धरलं, तवा त्याला हे दिसले. त्यो म्हणला, "गुंडेभाऊ, तुमी तरी सांगा की ह्यांला. मी कुणाचं काय केलंय?"

मी इचारलं, "मग तुमी काय म्हणलाव?"

"काय न्हाई."

"काईच न्हाई?"

"तोंडातून आवाजच आला न्हाई. मग त्यो पडला. लोक भांडी, गाद्या उचलायले. मी बी आत गेलो. कोपऱ्यात त्यो घोडा व्हता. मला काशी आठवली. वाटलं, ऱ्हायलेल्या लेकरांला तर काईतरी न्यावं. पिशवी भरली. मग दुसऱ्या घरात बी गेलो, तिथली बी भरली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीवर बी."

असं म्हणून त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं, बघितलं आन् तसंच परत बांधलं.

इमामसाब गावाच्या वरच्या माळावर, जुन्या चुन्याच्या भट्टीच्या खड्ड्यात हाय. आणखी सहाजण हायत. वर माती लोटलीय. एवढं रहमतबीला सांग. मेले म्हणून सांग.

पण अक्का, तुझ्या पाया पडते, ह्यांचं नाव घेऊ नको. ती इचारील, कुणी सांगितलं. तू म्हण, एका गुराख्यानं बघितलंतं. खेळणी बी त्यालाच माळावर सापडली, त्यानंच आमच्या घरी आणून टाकली म्हण. आत्याबाईंनी मला देवाची आण घातलीय. पोलीस येऊन घरचे दोन्ही बापे नेले तर नऊ लेकरांला कोण बघंल? मी लई इचार केला. मला दुसरं काय सुचायला न्हाई.

राजू

*

गाणगापूर,
मार्गशीर्ष वद्य २

चि. सौ. राजूस,

दत्तजयंती झाली. पुष्कळ माणसं आली, सगळ्या खोल्या भरल्या. त्यानंतर गुलबर्ग्याला गेले.

सांगितलं. तिनं ओवरीच्या पायरीवर दोन्ही हात आपटून बांगड्या फोडल्या. शेजारच्या बायकांनी तिला धरलं. जरा शांत झाल्यावर तिनं विचारलं, कुणी सांगितलं. मी म्हणाले, गुराख्यानं. तुझं खोटं मी माझ्या तोंडानं बोलले, पौर्णिमेला पादुकांवर डोकं ठेवून आले त्याच तोंडानं. तुझ्या लेकरांकडं बघून बोलले. तिनं लगेच विश्वास ठेवला, ते मला जास्त लागलं.

इद्दत संपेपर्यंत बाईनं घराबाहेर पडायचं नसतं. पण ती म्हणते, घरच नाही तर बाहेर कसलं? एकदा तो खड्डा बघून येते, मग बसते. सिद्धलिंगप्पा पुढच्या बाजाराला मुडबीला येतील तेव्हा तिला आणि मुनीरला घेऊन येणार आहेत. मी अडवलं नाही. अडवायला मी कोण?

खेळणी तिनं ठेवली नाहीत. दर्ग्याजवळ दुसरी मुलं होती, त्यांनी नेली.

एक सांगते, राग मानू नकोस. संक्रांतीला गुंडेरावांना घेऊन येते म्हणाली होतीस. तू लेकरांना घेऊन ये.

गीता

*

बोरवाडी,
मार्गशीर्ष वद्य १२

ती. अक्कास,

रहमतबी काल येऊन गेली.

सिद्धलिंगप्पांनी गाडी सरळ माळावर नेली. गावातलं कुणी भाईर आलं न्हाई. दारं लावून घेतली. मी माळवदावरून बघत व्हते. ती खड्ड्याच्या काठावर बसली, हात पसरले, आन् तशीच बसून ऱ्हायली. मुनीर गाडीतच व्हता.

मला वाटलं, परस्पर जातील. पण गाडी आमच्या दारात थांबली. मी खाली आले. हे ओसरीवर व्हते. आत जायला निघाले तवर ती उंबऱ्याशी आलीच. सुभी "मुनीर, मुनीर" करत गाडीकडं पळाली. त्यानं तिला बघितलं आन् तोंड फिरवलं.

रहमतबीनं मला जवळ घेतलं. काशीसाठी रडली. स्वतःच्या माणसासाठी माळावर रडली का न्हाई ठावं न्हाई, पण माझ्या काशीसाठी माझ्या खांद्यावर रडली. मग डोळे पुसून ह्यांच्याकडं वळली. म्हणली, "गुंडेभाऊ, सगळ्या गावात तुमच्या एका घरानं मला निरोप धाडला. तुमच्या बायकोनं खेळणी धाडली, माझा माणूस कुठं हाय ते कळवलं. आमचे हे नेहमी म्हणायचे, गुंडेभाऊ हाय तवर मला गावात भ्या न्हाई. अल्ला तुमच्या लेकरांला उमर देवो."

हे उभेच. हात जोडायला वर केले, ते अर्ध्यातच ऱ्हायले. ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतात. मला तसं व्हावं वाटलं, आन् भ्या बी वाटलं. हे बोलले न्हाईत. मी म्हणलं, "रहमतबी, जेवून जावा." ती म्हणली, "न्हाई बाई, दिवस हाय तवर निघतो."

मी ज्वारी बांधून दिली. तिनं घेतली.

गाडी हलली तवा ह्यांनी खांब धरला. मला म्हणले, "तिला सांगायला पायजे व्हतं."

मी म्हणलं, "मग सांगा की. गाडी अजून वेशीतच हाय."

बैल म्हातारे, गाडी भरलेली. वेशीतून ओढ्यापर्यंत ती किती तरी वेळ दिसत व्हती. तिथून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ह्यांनी मारली न्हाई. मी बी मारली न्हाई.

राजू